धबधबा आटल्यावर पाटणादेवी

चाळीसगावजवळ जंगलातल्या पाटणादेवीच्या देवळाला गर्दी दोनदाच होते: श्रावणात धबधब्यासाठी आणि नवरात्रात दर्शनासाठी. आम्ही जळगावहून जातो ते फेब्रुवारीच्या शेवटी, केदारकुंडाचं पाणी आटल्यावर. पहिल्या वर्षी सासूबाई गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "पानी नही, काही नही, आठे काय देखाले उनूत?" पण पानगळ झालेली असते, जंगल आरपार दिसतं आणि पळस फुललेला असतो. आता दरवर्षी त्याच तारीख विचारतात.

मुलांना आधीच सांगून ठेवा, हे राष्ट्रीय उद्यान नाही आणि जिप्सीत बसवून वाघ कुणी दाखवणार नाही. १९८६ साली जाहीर झालेलं हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. बिबट्या आहे, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. वानरं आणि मोर मात्र बघायला मिळतात. वानर झाडावरून एकाच दिशेला बघत खॅक खॅक करायला लागलं, की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. हे आमच्या धाकट्याला अजून जमलेलं नाही.

शनिवारी सकाळी पाचोरा-भडगावमार्गे निघा. गाडी नसेल तर रेल्वेने चाळीसगाव गाठा, पुढे रिक्षा ठरवा. मुक्काम चाळीसगावातच करा. दुपारच्या उन्हात स्टेशनजवळचं केकी मूस यांचं घर बघा. या छायाचित्रकाराने आयुष्यातली कितीतरी दशकं त्या घराबाहेर जवळजवळ पाऊलच टाकलं नाही. आता तिथे संग्रहालय आहे. उघडं आहे का, तेवढं आधी विचारून घ्या.

रविवारी उजाडायच्या आत निघा. पाटणादेवी तिथून साधारण १८ किलोमीटर. दहा वाजले की ऊन टोचायला लागतं, म्हणून जे चालायचं ते त्याआधी. ओढे कोरडे असतात, तेव्हा माणशी तीन लिटर तरी पाणी घरूनच घ्या. अत्तर, सेंट लावू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात.

आता जेवणाचं, कारण आम्ही त्यातच फसलो होतो. पहिल्या खेपेला हिरवी भरताची वांगी आणि कपाशीच्या काड्यांचा भारा डिकीत घालून नेला. म्हटलं, जंगलात भरीत करू. वनरक्षकाने भारा बघितला आणि गाडी तिथेच थांबवली. बरोबरच होतं त्याचं. वाळलेल्या पाचोळ्यात एक ठिणगी पुरते. तेव्हापासून वांगी शुक्रवारी रात्री अंगणात भाजतो, मिरची-लसूण बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचून वेगळं ठेवतो आणि कांद्याची पात ऐन वेळी चिरून कालवतो. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी. डबा झाडाखाली उघडा ठेवू नका, वानरं टपलेलीच असतात.

देवळात दर्शन झालं, की मुलांना गणिती भास्कराचार्यांची गोष्ट सांगा. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे पाटणला मठ काढला होता. त्याचा १२०७ सालचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. आमच्या मोठीने विचारलं, "म्हणजे आठशे वर्षांपूर्वी इथे गणिताचा क्लास होता?" मी हो म्हटलं.

पितळखोऱ्याची लेणी इथून पायी करायचा मोह आवरा, निदान म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर. चढ जबर आहे आणि उतरताना पाय थरथरतात. गाडीने घाट चढून कन्नडच्या बाजूने जाता येतं. तिथेही पायऱ्या उतराव्या लागतात, त्यामुळे सासूबाई वरच सावलीत बसतात आणि आम्ही परत येईपर्यंत उरलेल्या भाकरीवर ताव मारतात.

दुपारी तीनच्या आत परत फिरा.