छोट्या इंग्लिश फुटबॉल क्लबचा इतिहास कसा लिहावा: शेफील्ड एफ.सी.च्या आधाराने

इंग्लंडच्या फुटबॉल व्यवस्थेत प्रीमियर लीगचे 20 आणि तिच्याखालच्या फुटबॉल लीगच्या तीन विभागांतले 72, असे 92 क्लब सोडले की उरलेल्या सगळ्यांना ‘नॉन-लीग’ म्हणतात. या क्लबांचा इतिहास बहुतेक वेळा शनिवारी दुपारी मैदानाच्या कठड्याला रेलून सामना पाहणारा एखादा जुना चाहता लिहितो. हे काम इंग्लंडात राहणारा मराठी माणूस करू शकतो, आणि जुनी वर्तमानपत्रे व नकाशे आता संगणकावर मिळत असल्यामुळे त्याचा बराचसा भाग पुण्या-नागपुरात बसूनही होतो. ते कोणत्या क्रमाने करावे आणि पाय कुठे घसरतो, हे मी येथे शेफील्ड फुटबॉल क्लब या एकाच क्लबच्या आधाराने सांगतो. शेफील्ड वेन्सडे आणि शेफील्ड युनायटेड हे त्याच शहरातले मोठे क्लब वेगळे आहेत.

सर्वांत आधी क्लब स्वतःविषयी जो दावा करतो तो एका वाक्यात लिहावा आणि त्यातला शब्द न् शब्द तपासावा. नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी 24 ऑक्टोबर 1857 रोजी शेफील्ड क्लब स्थापला आणि तो ‘जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब’ म्हणून ओळखला जातो. पण एडिंबरामध्ये जॉन होप याने 1824 मध्येच एक फुटबॉल क्लब काढला होता. तो पुढे बंद पडला. केंब्रिज विद्यापीठाचा क्लब आपले वर्ष 1856 सांगतो, आणि 1862 सालचा नॉट्स काउंटी स्वतःला सर्वांत जुना व्यावसायिक क्लब म्हणवतो. म्हणून ‘आजही खेळत असलेला’ आणि ‘विद्यापीठाबाहेरचा’ ही दोन विशेषणे जोडल्याशिवाय शेफील्डचा दावा लिहू नये. फिफाने 2004 मध्ये या क्लबला ऑर्डर ऑफ मेरिट दिले आणि क्लबांपैकी हा मान त्याच्याखेरीज फक्त रेआल माद्रिदला मिळाला आहे; परंतु सन्मान हा पुरावा नव्हे, आणि इतिहास लिहिणाऱ्याने या दोन गोष्टी कधीही एकत्र करू नयेत.

दावा निश्चित झाला की कागद शोधावेत. छोट्या क्लबचे कागद कार्यालयात असतीलच असे नाही; ते एखाद्या माजी सचिवाच्या माळ्यावर, बुटांच्या खोक्यात पडलेले असू शकतात. सभांच्या इतिवृत्ताची वही, वर्गणीची नोंदवही, हंगामाचे सामनापत्रक आणि नियमावली, या क्रमाने मागणी करावी, कारण इतिवृत्तात माणसे भांडतात, वर्गणीत पैसा दिसतो, आणि नियमावलीत खेळ प्रत्यक्षात कसा चालत होता ते समजते. नियमावली कोरडी वाटते म्हणून ती वगळण्याचा मोह होतो. तो मुळीच होऊ देऊ नये.

शेफील्डचे नियम ऑक्टोबर 1858 मध्ये ठरले आणि ते सारे मिळून अकरा होते. त्यांत हाताने ढकलायला परवानगी होती, चेंडूला हाताने फटका मारता येत होता, पण नडगीवर लाथ मारणे आणि पाय अडकवून पाडणे यांना कोणत्याही परिस्थितीत मुभा नव्हती. अकरावा नियम वाचताना मी दर वेळी थांबतो. प्रत्येक खेळाडूने लाल आणि गडद निळी अशी फ्लॅनेलची टोपी बाळगावी, आणि दोन्ही संघांनी एकेक रंग घालावा, असे तो सांगतो. आता याचा अर्थ लावून पाहा. ज्या क्लबला बाहेरचा प्रतिस्पर्धी आहे, तो आपला एक रंग ठरवतो. येथे मात्र एकाच माणसाला दोन्ही रंग खिशात ठेवावे लागत होते, कारण क्लबचे सभासद आपसांतच दोन बाजू पाडून खेळत होते आणि आज लाल असलेला उद्या निळा होऊ शकत होता. दुसरा क्लबच नव्हता! टोपीविषयीच्या एका ओळीतून क्लबच्या पहिल्या काही वर्षांचे एकटेपण डोळ्यांसमोर उभे राहते. अशी ओळ हाती लागली की ती मुळातल्या शब्दांत उतरवून घ्यावी, शेजारी आपला अर्थ लिहावा, आणि दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये.

दुसरा क्लब 1860 मध्ये आला. त्याचे नाव हालम. त्याच वर्षी 26 डिसेंबरला त्याच्या सँडीगेट मैदानावर दोन्ही क्लबांचा सामना झाला आणि शेफील्ड 2-0 असा जिंकला. दोन क्लबांमधला हा पहिला सामना मानला जातो, आणि हालम आजही तेथेच खेळतो. अशा सामन्यांसाठी वर्तमानपत्रांकडे वळावे. ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्ह या संकेतस्थळावर जुन्या स्थानिक पत्रांचा मोठा साठा आहे. त्याला वर्गणी पडते, म्हणून आधी वर्षांची यादी तयार ठेवावी आणि एका महिन्यात मन लावून काम उरकावे. शोधताना आजचे नाव टाकून भागत नाही. त्या काळी ‘फुट बॉल’ हे दोन शब्दांत किंवा जोडरेघ देऊन छापत, क्लबचा उल्लेख नुसता ‘शेफील्ड क्लब’ असा करत, आणि आपण ज्याला शेफील्ड वेन्सडे म्हणतो त्याचे अधिकृत नाव 1929 पर्यंत ‘द वेन्सडे’ होते. शिवाय संगणकाने जुनी छपाई वाचताना अक्षरे चुकतात, त्यामुळे खेळाडूच्या आडनावाने, मैदानाच्या नावाने आणि तारखेने असे तीनदा शोधावे.

बातमी सापडली की तिच्यावर लगेच विसंबू नये. याचे उत्तम उदाहरण 29 डिसेंबर 1862 चे आहे. त्या दिवशी शेफील्ड आणि हालम यांचा सामना ब्रॅमल लेन या तेव्हाच्या क्रिकेट मैदानावर झाला आणि गोलाविना बरोबरीत सुटला. छापून आलेल्या वृत्तान्ताप्रमाणे चेंडूच्या झटापटीत क्रेसविकचा हात हालमच्या वॉटरफॉलला चुकून लागला, वॉटरफॉल चिडून त्याच्या अंगावर धावला, त्याने वासकोट काढून फेकले, आणि मारामारी जुंपली. एवढेच वाचून लिहिणारा हालमवर अन्याय करील, कारण हालमच्या बाजूनेही त्या वृत्तान्ताला पत्राने उत्तर दिले गेले होते. म्हणून कोणत्याही वादग्रस्त सामन्यानंतरचे किमान पंधरा दिवसांचे अंक चाळावेत आणि वाचकांच्या पत्रांचा रकाना सोडू नये.

हा सामना भरवला कशासाठी, हेही विचारावे. तो लँकेशायरच्या संकटग्रस्तांच्या मदतनिधीसाठी होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला, गिरण्या थंडावल्या आणि हजारो कामगारांच्या घरच्या चुली विझल्या. त्याच तुटवड्यामुळे मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला, बॅक बेच्या भरावाच्या कंपनीचे शेअर आभाळाला भिडले, प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बाजारात चालू लागला, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तो डोलारा कोसळला. मुंबईचा इतिहास ज्याने थोडाफार वाचला आहे, त्याला ब्रॅमल लेनवरची ती दुपार परकी वाटणार नाही. सामन्याच्या बातमीच्या वरचा आणि खालचा मजकूर वाचण्याची सवय ठेवली तरच अशी नाती सापडतात.

यानंतर मैदानांचा माग काढावा. माझ्या मते छोट्या क्लबच्या इतिहासाचा कणा करंडकांपेक्षा मैदानांत असतो, कारण क्लब कुठे खेळला यावरून त्याची ऐपत, त्याचे प्रेक्षक आणि त्याची धास्ती कळते. शेफील्डने ब्रॅमल लेन वापरले, 1921 पासून तो अ‍ॅबीडेल पार्कवर खेळला, पुढे आउलर्टन आणि डॉन व्हॅली या स्टेडियमांत पाहुण्यासारखा राहिला, आणि 2001 मध्ये डर्बीशायर काउंटीतल्या ड्रॉनफील्ड येथे कोच अँड हॉर्सेस या पबशेजारी आला. स्थापनेनंतर 144 वर्षांनी त्याला स्वतःचे म्हणावे असे मैदान मिळाले, आणि तेही शेफील्ड शहराच्या हद्दीबाहेर. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे इंग्लंडचे जुने नकाशे विनामूल्य पाहता येतात. त्यांवर प्रत्येक मैदानाची जागा शोधावी आणि आज तेथे काय आहे ते शेजारी लिहावे. क्लब काउंटीची सीमा ओलांडून गेला असेल तर कागदही दोन ठिकाणी विभागले जातात. शेफील्डच्या बाबतीत शहराच्या अभिलेखागाराबरोबर मॅटलॉक येथील डर्बीशायर रेकॉर्ड ऑफिसकडेही विचारणा करावी लागेल.

मग सर्वांत अवघड प्रश्नाला हात घालावा: हा क्लब छोटा का राहिला? शेफील्डचे उत्तर 1885 मध्ये आहे. त्या वर्षी फुटबॉल असोसिएशनने (एफ.ए., म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलची नियामक संस्था) खेळाडूंना पैसे देण्यास मान्यता दिली, वेन्सडेने 1887 मध्ये व्यावसायिक मार्ग धरला, 1888 मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली, आणि शेफील्ड हौशीच राहिला. हे दुबळेपण होते की निष्ठा, याचा निर्णय लेखकाने घ्यावा आणि तो आपला म्हणून स्पष्ट सांगावा. मला ती निष्ठा वाटते, आणि तिची किंमत क्लबने शंभराहून अधिक वर्षे मोजली असेही वाटते. 1904 मध्ये ब्रॅडफर्ड येथे ईलिंगला 3-1 असे हरवून त्याने हौशी क्लबांचा एफ.ए. अमॅच्युअर कप जिंकला. 1974 मध्ये हौशी आणि व्यावसायिक हा भेदच रद्द झाला आणि छोट्या क्लबांसाठी एफ.ए. व्हाज सुरू झाला. 1977 च्या अंतिम सामन्यात शेफील्डने वेम्बलीवर बिलेरिकी टाउनशी 1-1 अशी बरोबरी केली आणि नॉटिंगहॅममधल्या फेरसामन्यात तो 2-1 असा हरला.

लीगच्या तक्त्यांविषयी थोडक्यात सांगतो. शेफील्ड 1949 मध्ये यॉर्कशायर लीगमध्ये, 1982 मध्ये नॉर्दर्न काउंटीज ईस्ट लीगमध्ये आणि 2007 मध्ये नॉर्दर्न प्रीमियर लीगमध्ये आला. प्रत्येक लीगचा ‘पहिला विभाग’ वेगळ्या उंचीवर असतो, आणि नॉन-लीगमधून फुटबॉल लीगमध्ये थेट बढतीचा दरवाजा 1987 मध्येच उघडला, हे ध्यानात ठेवले नाही तर निष्कर्ष चुकतात. फुटबॉल क्लब हिस्टरी डेटाबेस हा तक्त्यांसाठी चांगला आरंभ आहे. गाजलेल्या दिवसांवरही फार शाई खर्च करू नये. 2007 मध्ये 150 वर्षे झाली म्हणून इंटर मिलान ब्रॅमल लेनवर खेळून 5-2 असा जिंकला आणि पेले पाहुणे म्हणून आले होते, एवढे पुरे. त्याऐवजी चहाची खिडकी सांभाळणारी बाई, गवत कापणारा माणूस आणि फाटकावर तिकीट फाडणारा म्हातारा यांच्याशी बोलावे. त्यांच्या परवानगीने बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि तारीख घालावी. त्यांनी सांगितलेली वर्षे मात्र वर्तमानपत्रातून पडताळून घ्यावीत, कारण माणसाला प्रसंग लख्ख आठवतो आणि साल सरकते.

शेवटी, जमवलेल्या प्रत्येक कागदाची छायाप्रत पहिल्याच भेटीत काढावी. जुलै 2011 मध्ये शेफील्डने आपले मूळ हस्तलिखित नियम आणि जुने दफ्तर लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात 8,81,250 पौंडांना विकले, कारण क्लबला मैदान आणि सोयी यांसाठी पैसा हवा होता. ज्या कागदांवर क्लबचे नाव जगात उभे आहे, ते कागद क्लबला जागेसाठी द्यावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते, आणि क्लबला दोष देण्याची माझी हिंमत होत नाही. तुमच्या क्लबच्या दफ्तराला अशी किंमत येणार नाही. ते सचिव बदलताना किंवा घर आवरताना रद्दीत जाईल. म्हणून पान सपाट ठेवून, उजेडात, कडा दिसतील असे छायाचित्र घ्यावे, फाइलच्या नावात तारीख आणि वहीचे नाव घालावे, आणि एक प्रत क्लबकडे, एक काउंटीच्या अभिलेखागारात व एक स्वतःजवळ ठेवून मगच लिहायला बसावे.