जुनं सीडी-लेबलचं सॉफ्टवेअर नव्या मॅकवर उघडत नाही?

भजनाच्या किंवा जत्रेतल्या नाटकाच्या सीडीला लेबल करून देणारे फोंडा-म्हापशात अजून आहेत, आणि त्यांची गाडी अडते ती नवा मॅक घेतल्यावर. कारण साधं: २०१९ च्या कॅटलिना या मॅकओएस आवृत्तीपासून मॅकवर ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीचे, प्रोग्राम चालतच नाहीत. पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका, काही होणार नाही.

२०१२ ते २०१८ मधला इंटेल मॅक हाताशी असेल, तर बाहेरच्या ड्राइव्हवर मोहावी (कॅटलिनाच्या आधीची आवृत्ती) टाका आणि ऑप्शन बटण दाबून त्यावरून सुरू करा. एम-चिपच्या (M1, M2 वगैरे) मॅकवर हे जमत नाही.

मोहावीत त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी सगळी लेबलं उघडून प्रिंटमधून पीडीएफ करून घ्या. हे काम सर्वांत महत्त्वाचं. सॉफ्टवेअर गेलं तरी लेबल राहतं. पुढची लेबलं कुठल्याही ड्रॉइंग प्रोग्राममध्ये होतात: १२० मिमीचं वर्तुळ, मधोमध १५ मिमीचं भोक. प्रिंट १०० टक्क्यांवरच, ‘फिट टू पेज’ बंद. आधी साध्या कागदावर काढून सीडीवर धरून बघा.

चिकटवायच्या कागदाऐवजी प्रिंटेबल सीडी, म्हणजे जिच्यावर थेट छापता येतं अशी, घ्या. आपल्या पावसात कागदाच्या कडा सुटतात, आणि कागद चिकटवलेली सीडी ड्राइव्हमध्ये अडकली की निस्तरा!