पंचायतीची निवडणूक आधी यादीत सांभाळायची

मी डिचोलीच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान चालवते. निवडणूक जवळ आली की उमेदवारांची माणसं मतदारयादीचे गठ्ठे घेऊन दुकानात रांग लावतात. साधा मतदार मात्र मतदानाच्या सकाळी आपलं नाव शोधतो आणि सापडलं नाही की आरडाओरडा करतो. तेव्हा कोण काय करणार? म्हणून आमच्या वाड्यावर आम्ही बायका यादी आधीच वाचून काढतो. गोव्यात १८६ पंचायतींचं मतदान १० ऑगस्ट २०२२ला झालं, म्हणजे त्यांची पुढची पाळी २०२७ची.

वॉर्डाची यादी विधानसभेच्या यादीवरून निघते, तेव्हा मूळ यादी नीट हवी. मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावरून आपल्या भागाची यादी उतरवा आणि कागदावर काढा. मोबाइलवर वाचून हे काम होत नाही. (माझा धंदा चालावा म्हणून सांगत नाही.)

मग देवळाच्या सभामंडपात चार-पाच जणींनी बसायचं. एकीने घर नंबर आणि नावं मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. वाड्यावरची एखादी आजी हवीच. कोण वारलं, कोणाची मुलगी लग्न होऊन सावंतवाडीला गेली, कोण तारवटी म्हणून बोटीवर आहे, हे तिला तोंडपाठ असतं. पेन्सिलीने खुणा करायच्या: मयताला ‘म’, लग्न होऊन गेलेलीला ‘ल’, दोनदा आलेल्या नावाला ‘द’, कोणालाच ठाऊक नसलेल्याला प्रश्नचिन्ह. आमच्याकडे दोन खोल्यांच्या एका घराच्या नंबरावर अकरा नावं निघाली. घरमालकिणीला विचारलं, तर तिला त्यातली चारच माणसं माहीत.

पण प्रश्नचिन्ह पडलं म्हणजे माणूस खोटा ठरत नाही. भाड्याच्या खोलीत राहणारा गवंडी खरोखर इथेच राहत असेल, तर त्याचं मत इथेच. ‘भायले’ (बाहेरचे) म्हणून नावं उडवायला निघालेल्यांना आम्ही जवळ बसवत नाही. आधी घरी जाऊन विचारायचं, मगच नाव वगळायचा फॉर्म ७ भरायचा. त्यात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे सगळ्यांना आधीच ऐकवून ठेवा. नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला फॉर्म ८. अठरा पूर्ण झालेल्या पोरांना आता जानेवारीची वाट बघावी लागत नाही. एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीखही धरतात. बीएलओकडे (आपल्या मतदान केंद्राची यादी बघणारा सरकारी माणूस) कागद दिला की पोच मागायची. पोच नसेल तर तो कागद दिलाच नाही असं समजा.

पुढे वॉर्डाची प्रारूप यादी लागली की पुन्हा बसायचं. या वेळी एकच गोष्ट बघायची: एका घरातली माणसं दोन वॉर्डांत तर गेली नाहीत ना? आमचे वॉर्ड काहीशे मतांचे, पाच-सहा नावं इकडची तिकडे झाली तर वॉर्डातून निवडून येणारा पंच बदलतो.

वॉर्डांचं आरक्षण जाहीर होतं त्या दिवशीही डोळे उघडे ठेवा. २०२१ मध्ये मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पालिकांत महिलांचं आरक्षण नियमाप्रमाणे नव्हतं, म्हणून उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्चला उच्च न्यायालयाचा हा निकाल कायम केला. राज्याचे कायदा सचिवच तेव्हा निवडणूक आयुक्ताचंही काम बघत होते. सरकारी पदावरच्या माणसाला आयुक्ताचं काम देता येणार नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. कोणीतरी वेळेत कोर्टाची पायरी चढलं म्हणून हे झालं. निवडणूक सुरू झाली की कोर्टं सहसा हात घालत नाहीत, त्यामुळे हरकत लेखी आणि मुदतीत. ग्रामसभेतही विषय मांडा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या एका रविवारी ती भरते. नुसतं बोलून येऊ नका, इतिवृत्तात नोंद झाली का ते पाहा.

मतदानाच्या दिवशी केंद्रात बसणारा प्रतिनिधी उमेदवाराचा असतो. उमेदवाराला आधीच सांगायचं की माणूस याच वाड्यावरचा दे, चेहरे ओळखणारा. आमची खुणा केलेली यादी त्याच्या हातात असते. २०२२ला मतपत्रिका होत्या. संध्याकाळी पेटीला सील लागताना किती मतपत्रिका वापरल्या तो आकडा त्याने लिहून आणायचा. मोजणीच्या दिवशी पेटीतून निघालेल्या मतपत्रिका त्या आकड्याशी ताडून बघायच्या. जुळलं नाही, तर भांडत बसू नका. तिथल्या तिथे अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा.