गाडी ऑइल खातेय? इंजिन खोलण्याआधी काय-काय तपासायचं

"रिंगा गेल्यात, इंजिन बांधायला लागेल." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी. जुन्या गाडीचं ऑइल कमी होतंय म्हटलं की बऱ्याच गॅरेजमध्ये हा निकाल पाच मिनिटांत लागतो. कधीकधी तो बरोबरही असतो. पण त्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात: किती किलोमीटरला किती ऑइल जातंय, ते बाहेर गळतंय की आत जळतंय, आणि जळत असेल तर नेमकं कोणत्या वाटेनं. ही तिन्ही उत्तरं हेड (इंजिनचा वरचा भाग) न उतरवता मिळतात.

आधी मोजा

थोडंफार ऑइल प्रत्येक इंजिन खातं. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहावाच लागतो आणि त्यातला काही जळतोच. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १,००० किलोमीटरला अर्धा ते एक लिटर चालेल असं लिहिलेलं असतं. ही मर्यादा फारच सैल आहे, तिच्यावर निवांत राहू नका. व्यवहारात पाच हजार किलोमीटरला अर्धा लिटर जात असेल तर टॉप-अप करा आणि विसरा. तीन हजाराला एक लिटर म्हणजे कारण शोधायची वेळ झाली. हजाराला एक लिटर म्हणजे काम निघालंच.

मोजायची जागा सपाट हवी. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर घेतलेलं माप फुकट जातं. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम, नाहीतर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. ऑइल मोजायची काडी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि दोन्ही बाजू बघा. ज्या बाजूला पातळी कमी दिसते ती खरी. वरच्या खुणेपर्यंत भरून ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा. हजार किलोमीटर झाले की त्याच जागी, त्याच वेळी, मापाच्या भांड्यातून ओतत पुन्हा वरच्या खुणेपर्यंत या. जितके मिलिलिटर लागले तितका तुमच्या गाडीचा खुराक. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर मावतं, म्हणजे काडी अर्ध्यावर आली की अर्धा लिटर गेलं असा ढोबळ हिशेब धरता येतो.

यात दोन गोष्टी चकवतात. पहिली म्हणजे जास्त भरलेलं ऑइल. छोट्या इंजिनात फिल्टरसह जेमतेम तीन-साडेतीन लिटर ऑइल बसतं आणि घाईत अख्खा चार लिटरचा कॅन रिकामा केला जातो. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली की क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) ऑइल घुसळतो, फेस होतो, तो ब्रीदरच्या, म्हणजे आतले वायू सोडणाऱ्या पाइपातून इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या वाटेत) जातो आणि जळतो. अशा गाडीत पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल झपाट्याने उतरतं आणि मग थांबतं. रोग नसताना औषध सुरू होतं ते इथेच.

दुसरा चकवा पुण्याच्या रहदारीचा. घर ते ऑफिस सहा किलोमीटर, त्यातले दोन वाकड-हिंजवडीच्या रांगेत. इंजिन नीट तापत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये मिसळतं आणि काडीवर पातळी महिनोन्‌महिने जागची हलत नाही. मग सुट्टीत कोल्हापूरला जाऊन आलं की पेट्रोल उडून जातं आणि अर्धा लिटर एकदम गायब. लोक म्हणतात हायवेला गाडी ऑइल प्यायली. खरं तर ते ऑइल आधीच गेलेलं असतं, पेट्रोलने फक्त जागा भरून काढलेली असते. म्हणून मोजणीच्या हजार किलोमीटरमध्ये शहर आणि हायवे दोन्ही येऊ द्या. डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीत तर तो फिल्टर साफ होताना डिझेल ऑइलमध्ये उतरून पातळी चढतेही. काडीवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला.

बाहेर गळतंय का

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडलेत त्यावरून वरची जागा सांगता येते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर थेंब दिसत नाहीत, तेव्हा पुठ्ठ्याशिवाय पर्याय नाही. पण काही गळत्या इंजिन चालू असतानाच होतात आणि गरम सायलेन्सरवर पडून तिथेच जळतात. सिग्नलला उभं असताना जळका वास येतो तो यातलाच.

शोध वरून खाली घ्या, कारण ऑइल खाली वाहतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे फेकलं जातं. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाचं) पॅकिंग सगळ्यात आधी, गुन्हेगार बहुतेक तेच असतं. मग ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक (जुन्या फिल्टरचा रबर इंजिनला चिकटून राहिला आणि त्यावरच नवा कसला गेला, असं होतं), ड्रेन बोल्टचा वॉशर, पुढचं क्रँक सील, चेंबरचं (खालच्या ऑइलच्या टाकीचं) पॅकिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून थेंब येत असेल तर क्रँकचं मागचं सील. सील स्वस्त, पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी मोठी. ते काम क्लच बदलायच्या वेळी एकत्र करा. सगळंच चिकट असेल तर आधी डीग्रीझरने हाताने साफ करा, शंभरेक किलोमीटर चालवा आणि मग बघा. प्रेशर वॉशरचा फवारा कनेक्टर आणि अल्टरनेटरवर मारू देऊ नका.

आत जळतंय का

धुराचा रंग आणि वेळ दोन्ही बघा. निळसर धूर ऑइलचा, काळा जास्त इंधनाचा, आणि इंजिन तापल्यावरही थांबत नसलेला, गोडसर वासाचा पांढरा धूर कूलंटचा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका येऊन अर्ध्या मिनिटात थांबला तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली जाऊ न देणारी रबरी टोपी. रात्रभर ऑइल गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीतून) झिरपून खाली साठलेलं असतं. गाडी ओढत असताना, चढावर, सतत निळा धूर असेल तर संशय रिंगांवर.

व्हॉल्व्ह सीलसाठी घाट ही आयती प्रयोगशाळा आहे. सकाळी रहदारी कमी असताना सासवडकडून पुण्याकडे दिवे घाट उतरा, दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून. थ्रॉटल (हवेची झडप) बंद असताना इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्युम तयार होतो आणि ढिल्या सीलमधून ऑइल आत खेचलं जातं. खाली वडकीच्या सपाटीला आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबा. मागच्या गाडीतल्या माणसाला निळा ढग दिसला तर सील गेली, असं बऱ्यापैकी खात्रीनं म्हणता येतं. दिसला नाही म्हणून मात्र सुटलात असं नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला असेल तर तो बरंच ऑइल धूर न दाखवता जाळतो.

मग प्लग काढा आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा, तो क्रमांक लावूनच मांडा. टोक ओलं, काळं, चकचकीत असेल तर ऑइल त्या सिलिंडरमध्ये जळतंय. टोक कोरडं आणि तपकिरी, पण वरचा चिनीमातीचा भाग व आटे ऑइलने माखलेले असतील तर ते टॅपेट कव्हरच्या प्लग-सीलमधून प्लगच्या खोबणीत उतरलेलं ऑइल, रिंगांचा त्याच्याशी संबंध नाही. एकच प्लग ओला असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा. सगळे सारखे ओले असतील तर पुढची तपासणी पीसीव्ही व्हॉल्व्हची.

हा व्हॉल्व्ह काही शे रुपयांचा असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. चेंबरमध्ये साठणारे वायू तो इनटेकमध्ये परत पाठवतो. उघडा अडकला तर वायूबरोबर ऑइलही ओढलं जातं. चोक झाला तर आतला दाब वाढून सील गळू लागतात. काढून हलवा, खुळखुळ आवाज आला पाहिजे. काही गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच पडद्यासह बसवलेला असतो. पडदा फाटला की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) शिट्टीसारखा आवाज येतो आणि ऑइल भरायचं झाकण उचलायला जड जातं. एरवी आयडलला झाकण काढून तोंडावर पातळ कागद धरला तर तो हलका आत ओढला गेला पाहिजे. बाहेर फुगत असेल, भकभक वाफ येत असेल तर ब्रीदर चोक आहे किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) रिंगांवरून खाली उतरतंय. डिझेलमध्ये थोडी भकभक नेहमीचीच.

टर्बो असेल तर इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा पाइप सोडवून बघा. आत पातळ थर असणं साहजिक आहे, पण वाटीभर ऑइल निघालं तर टर्बो संशयित. तरी लगेच बदलू नका. टर्बोतून ऑइल परत आणणारा पाइप किंवा ब्रीदर चोक असेल तर चांगला टर्बोही ऑइल ओकतो, आणि नवा बसवला तरी तो महिन्याभरात तेच करणार.

कॉम्प्रेशनचा आकडा कसा वाचायचा

इंजिन गरम, बॅटरी चार्ज, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दणके बसेपर्यंत स्टार्टर फिरवा. पेट्रोल गाडीत साधारण १५० ते १९० पीएसआय दिसतं. नेमका आकडा मॅन्युअलचा धरा. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे पाच-सहा टक्के कमी येणारच. सिलिंडरांमधला फरक जास्त महत्त्वाचा, तो १० ते १५ टक्क्यांच्या वर नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये ५ ते १० मिलिलिटर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची भिंत), जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग.

इथे बरेच जण फसतात. कॉम्प्रेशन छान आलं म्हणून रिंगा ठीक, असं नसतं. पिस्टनवर वरच्या दोन रिंगा दाब धरतात, तिसरी भिंतीवरचं ऑइल खरवडते. ही तिसरी कार्बनने खाचेत चिकटली तर १८० पीएसआय दाखवणारं इंजिनही हजाराला लिटर पिऊ शकतं. ऑइल बदलायला उशीर करत आलेल्या मालकाकडून गाडी घेतली असेल तर हीच शक्यता पहिली धरा.

उपाय, स्वस्तापासून

गळती आणि पीसीव्हीचं काम करून पुन्हा हजार किलोमीटर मोजा. दोन उपाय एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पुढची पायरी ऑइलच्या ग्रेडची, म्हणजे घट्टपणाची. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या घट्टपणाचा, नंतरचा गरम इंजिनातला. मॅन्युअल परवानगी देत असेल तर एक पायरी वर जा: ०डब्ल्यू-२० ऐवजी ५डब्ल्यू-३०, किंवा ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०. पुण्यात थंडीत पारा क्वचितच पाच-सहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा १०डब्ल्यूनेही स्टार्टिंगला अडचण येत नाही. थेट २०डब्ल्यू-५० मात्र नको. व्हीव्हीटी (ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनांतल्या बारीक वाटांसाठी ते जड पडतं. डीपीएफच्या डिझेलमध्ये मॅन्युअलने सांगितलेलं कमी राखेचंच ऑइल हवं. बाटलीबंद 'स्मोक स्टॉप' ऑइल घट्ट करतं, यापलीकडे फारसं काही करत नाही. ते गाडी विकणाऱ्याच्या उपयोगाचं.

चिकटलेल्या रिंगांसाठी भिजवण्याचा उपाय फक्त पेट्रोल इंजिनात करा. डिझेलमध्ये ज्वलनाची जागा इतकी कमी असते की उरलेला द्रव पिस्टन वर येताना अडकून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढा, चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक असा फिरवा की सगळे पिस्टन मध्यावर येतील, आणि प्रत्येकात ३० ते ४० मिलिलिटर पिस्टनसाठीचा कार्बन क्लीनर घाला. रात्रभर ठेवा. सकाळी भोकांवर फडकी टाकून, इग्निशन व इंजेक्टर तोडून, प्लग न लावता स्टार्टर फिरवा. उरलेला द्रव बाहेर उडतो, चष्मा घाला. प्लग लावून मोकळ्या जागेत इंजिन सुरू करा. पंधरा मिनिटं धूर निघेल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. लगेच ऑइल आणि फिल्टर बदला, आणि पुढची दोन ऑइलं तीन-तीन हजारालाच. रिंग झिजली असेल तर यातलं काहीही उपयोगी नाही.

व्हॉल्व्ह सील हेड न उतरवता बदलता येतात. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब देतात, म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही, आणि स्प्रिंग दाबून सील बदलतात. चार सिलिंडरच्या १६ व्हॉल्व्हला १६ सील, आणि इनटेक-एक्झॉस्टच्या सीलचा रंग वेगळा असेल तर अदलाबदल नको. पुण्यातल्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात सील घेताना पार्ट नंबर लिहिलेलं बिल मागा. साधा रबर उष्णतेने वर्षभरात कडक होतो. व्हॉल्व्ह गाइडमध्ये हाताला हलत असेल तर नवं सीलही टिकणार नाही, मग हेड उतरवून गाइडच बदला.

रिंगांचं काम ठरलंच तर मेकॅनिकला तीन गोष्टी आधीच विचारा. बोअर मोजणार का: वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी? निमुळतेपणा किंवा लंबगोलपणा ०.१ मिलिमीटरच्या आसपास गेला असेल तर नुसत्या रिंगा बदलून पैसे वाया जातील, सिलिंडर कापून मोठा करून ओव्हरसाइज पिस्टनच घालावे लागतील. होनिंग (भिंतीवर बारीक रेघा पाडणं) होणार का? गुळगुळीत झालेल्या भिंतीवर नवी रिंग बसतच नाही. आणि पिस्टनच्या ऑइल रिंगच्या खाचेतली बारीक भोकं साफ करणार का? ती कार्बनने बुजलेली राहिली तर खरवडलेल्या ऑइलला परत जायला वाटच नसते. नव्या रिंगांनंतरही गाडी पहिल्याइतकंच ऑइल खाते, त्याचं कारण बहुतेक वेळा हे तिसरं काम राहिलेलं असतं. हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे प्रकारचे असतील तर नवेच घ्या. पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने लांब पल्ला नको आणि तासभर आयडलही नको. मध्यम भार, बदलता वेग. मग ऑइल बदला आणि त्यानंतरच खप मोजा.

इंजिन न खोलण्याचाही हिशेब मांडून बघा. वर्षाला दहा हजार किलोमीटर, दीड हजाराला एक लिटर, लिटरला ४५० रुपये धरले तर वर्षाचे तीन हजार रुपये. इंजिनच्या कामाची रक्कम पाच आकडी. गाडी तीन-चार वर्षंच ठेवायची असेल, धूर नसेल आणि पीयूसी होत असेल तर ऑइल घालत चालवणं शहाणपणाचं. मात्र ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू मारतो आणि प्लग लवकर बदलावे लागतात, तो खर्च धरा. दर दुसऱ्या पेट्रोल भरण्याला काडी बघा, त्याच ग्रेडचा एक लिटर डिकीत ठेवा आणि एका वेळी पाव लिटरपेक्षा जास्त ओतू नका. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो लागला तर गॅरेजपर्यंत जाऊ म्हणू नका, गाडी कडेला घेऊन तिथेच बंद करा.