पार्सल टाकायला निघालात? ‘पडलो तर कोण बघणार’ हे आधी विचारा

सांगलीत बारावी किंवा आयटीआय झालेल्या पोराला लगेच मिळणारं काम म्हणजे पार्सल डिलिव्हरी. गाडी, लायसन्स आणि स्मार्टफोन असला की दोन दिवसांत रूट मिळतो. मीही तसाच लागलो. कुपवाडकडच्या एका हबमधून मिरज, माधवनगर, कवलापूर, कधी तासगावपर्यंत पार्सलं टाकली, आणि आता नव्या पोरांना रूट दाखवायचं काम करतो. कामाला येणारा प्रत्येक जण रेट विचारतो. पार्सलमागं किती, पेट्रोल त्यातच की वेगळं, पैसे किती तारखेला. पडलो तर दवाखान्याचं कोण बघणार, हे सहसा कोणी विचारत नाही. टीएल, म्हणजे टीम लीडर, आपण होऊन सांगत नाही. खरं तर बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं.

एकाच हबमध्ये, एकाच रंगाचे टी-शर्ट घालून तीन तऱ्हेची माणसं राबत असतात. काही जणांना व्हेंडरकडून, म्हणजे कंपनीचं काम घेणाऱ्या ठेकेदाराकडून, महिन्याचा पगार आणि स्लिप मिळते, त्यातून पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जातं. काही जण त्याच व्हेंडरकडं असतात, पण पार्सलमागं पैसे घेतात, आणि कागद म्हणून हातात काही नसतं. तिसरे अ‍ॅपवर स्वतःच नाव नोंदवून मोकळ्या वेळेत पार्सलं उचलतात. रस्त्यावर तिघांनाही तोच खड्डा आणि तोच ट्रॅक्टर. पाय मोडला की मात्र तिघांचे मार्ग वेगळे होतात.

ईएसआयवाल्याचं बरं असतं. महिन्याचं वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल तर त्यातून 0.75 टक्के कापतात आणि मालक 3.25 टक्के भरतो. पोरं या कपातीवर कुरकुर करतात. पण कामावर जखमी होऊन घरी बसावं लागलं, तर याच योजनेतून सरासरी वेतनाच्या 90 टक्क्यांच्या हिशेबानं भत्ता मिळतो, उपचार वेगळे. फक्त स्लिपवर कपात दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. व्हेंडरकडून विमा क्रमांक मागून घ्या आणि ईएसआयसीच्या संकेतस्थळावर आपल्या नावानं भरणा दिसतो का ते बघा. पैसे कापून पुढं न भरणारे महाभागही आहेत.

ईएसआय नसलेल्या कामगाराची नुकसानभरपाई पूर्वी 1923 च्या कायद्यानं मिळायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. गाभा तोच: दुखापत कामामुळं आणि काम चालू असताना झाली असेल, तर जबाबदारी मालकाची. चूक मालकाची होती हे दाखवावं लागत नाही. तात्पुरतं अपंगत्व आलं तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के, म्हणजे महिन्याला अर्धा पगार, आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च. पार्सलमागं पैसे मिळतात म्हणून माणूस कामगार ठरत नाही, असं काही नाही. व्हेंडरनं हात वर केले तर ज्या कंपनीचं काम चाललं होतं तिच्याकडं भरपाई मागता येते. कंपनीनं ती नंतर व्हेंडरकडून वसूल करावी, तो त्यांचा आपापसातला प्रश्न. लागताना ‘अपघात झाल्यास मी स्वतः जबाबदार’ असा कागद पुढं करतात. सही केली असली तरी घाबरू नका. अशा कागदानं कामगाराचा भरपाईचा हक्क जात नाही.

दोन गोष्टींत मात्र हा हक्क अडकतो. एक म्हणजे दारू. दुसरी, सुरक्षेसाठी स्पष्ट सांगितलेला नियम जाणूनबुजून मोडणं. हेल्मेट हँडलला लटकवून फिरणाऱ्या पोराचा हात मोडला, तर मालकाचा वकील पहिला मुद्दा हाच काढणार. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही सबब चालत नाही, पण त्या थराला जायचंच कशाला?

अ‍ॅपवाल्यांचं अजून कच्चं आहे. संहितेनं गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे नोकरीवर नसताना असं सुटं काम करणारे, हा वर्ग मान्य केला, कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी असंही म्हटलं. पण मालकाकडून भरपाईचा जो हक्क वर सांगितला, तो या वर्गाला आपोआप लागू होत नाही. तुमच्या हातात राहतो तो अ‍ॅपमधला अपघात विमा. तो फक्त लॉगिन असताना लागू आहे की पार्सल हातात असतानाच, रक्कम किती, कळवायची मुदत किती, हे आज निवांत वाचा. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवरही नोंदणी करून ठेवा, सरकारी योजना त्याच यादीतून पुढं सरकतात.

आता आमच्याकडची एक गोष्ट. उसाचा हंगाम सुरू होता. आमच्यातला एक जण संध्याकाळी तासगाव रोडवर उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना मागच्या ट्रॉलीला घासून पडला, खुबा दुखावला. व्हेंडरचं म्हणणं, त्याची ड्यूटी संपली होती, तो घरी चालला होता. त्याच्याकडं स्लिप नव्हती, नेमणुकीचं पत्र नव्हतं. तरीही काम झालं ते तीन गोष्टींमुळं. रनशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या पार्सलांच्या यादीत, चार पार्सलं पेंडिंग दिसत होती, एका गिऱ्हाइकाला पडायच्या थोडंच आधी ओटीपी गेला होता, आणि सोबतच्या पोरानं टीएलला व्हॉट्सअ‍ॅपवर जागेच्या फोटोसह लिहून कळवलं होतं. फोनवर नुसतं बोलला असता तर पुढं सगळं हवेत गेलं असतं. व्हेंडर बराच ताणून का होईना, शेवटी नमला.

म्हणून कोणी पडलं की आधी 108 ला फोन, मग रनशीटचा स्क्रीनशॉट, मग लेखी निरोप. दवाखान्यात केसपेपर लिहिताना ‘गाडीवरून पडून’ एवढंच लिहू देऊ नका, ‘डिलिव्हरीच्या कामावर असताना’ हे शब्द यायला हवेत. दुसऱ्या गाडीनं ठोकलं असेल तर पोलिसांत नोंद हवीच. त्या गाडीच्या विम्याकडून मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो, पण एकाच दुखापतीसाठी तिथं आणि मालकाकडं दोन्हीकडं भरपाई मिळत नाही. कुठं जायचं हे वकिलाला विचारून ठरवा.

त्या ट्रॅक्टरांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण नवीन पोरं तिथंच फसतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच असं नाही आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. समोरून आलेल्या गाडीचा उजेड डोळ्यावर पडला की ती ट्रॉली दिसतच नाही. अंधार पडल्यावर ओव्हरटेक करायचा नाही. पार्सल उद्या टाका.

पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाणीपातळीवर लक्ष ठेवा. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट, मारुती चौकाकडं पाणी चढायला लागलं की रूट थांबवा आणि टीएलला लिहून कळवा. पाण्याखालचं उघडं गटार वरून दिसत नाही.

बाकी दुखणी हळूहळू येतात. पाठीवरच्या बॅगेत तांदळाची पोती नि मिक्सर कोंबले की कंबर धरते, जड माल मागच्या कॅरिअरला बांधा. कुत्रा चावला तर जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. दारात पार्सल देताना झालेला चावा हीसुद्धा कामावरची दुखापत आहे, तीही लेखी कळवा.

गाडीचा विमा उघडून वाचा. घरगुती वापराची पॉलिसी असलेली गाडी रोज माल वाहते म्हटल्यावर विमा कंपनी वाद घालू शकते. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा गाडीच्या मालकाच्या नावानं असतो. वडिलांच्या नावावरची गाडी चालवत असाल तर तो तुमच्या कामाचा नाही.

आणि बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण. हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप जातो. पैसे आले की सगळे काढून घ्यायची सवय असेल, तर तेवढा महिना खात्यात शिल्लक ठेवा.