टॅरागॉनची जुडी आणलीये? मग ती अशी वापरा

दवणा माहितीये ना, वेणीत घालतात, चैत्रात जोतिबाला वाहतात तो? टॅरागॉन त्याचा सख्खा भाऊबंद, दोघंही आर्टेमिसिया या एकाच वनस्पती-गटातले, फक्त दवणा वासासाठी आणि हा खाण्यासाठी. त्यामुळे परदेशी म्हणून बिचकायचं काही कारण नाही.

आधी पान ओळखायला शिका. एक पान बोटांत चुरडा, बडीशेपेसारखा गोडसर वास आला पाहिजे, मग ते दाताखाली धरा, जीभ जराशी बधिर झाली तर तो फ्रेंच टॅरागॉन, आपल्याला हाच हवाय. रशियन जातीचं पान नुसतं गवतासारखं लागतं. मी ऑनलाइन बियांचं पाकीट मागवलं होतं, रोपं भराभर वाढली पण चव शून्य, कारण फ्रेंच टॅरागॉनला रुजणारं बी धरतच नाही, तो फांदी लावून नाहीतर मुळं वेगळी करून वाढवतात. म्हणून बी नको, रोपच घ्या आणि घ्यायच्या आधी पान चावून बघा. पुण्याच्या पावसात कुंडी आडोशाला ठेवा, पाणी साचलं की मुळं कुजलीच. हे सगळं झेपणार नसेल तर मेक्सिकन टॅरागॉन लावा, तो झेंडूच्या कुळातला, वास बराच तसाच आणि ऊन छान सोसतो.

आता स्वयंपाक. हा फोडणीत टाकायचा नाही, कढीपत्त्यासारखा तडतडवला की वास उडून जातो. गॅस बंद करायच्या मिनिटभर आधी घाला. चार अंड्यांच्या ऑम्लेटला चिरलेली पानं एक छोटा चमचा, बास, जास्त झाला तर औषधी लागतो. चिकन, मासे, मश्रूम, उकडलेला बटाटा, यांच्याशी मस्त जमतो. फ्रेंच लोक बेअर्नेझ सॉस (लोणी आणि अंड्याच्या बलकाचा) यावरच करतात आणि जॉर्जिया देशात याचं हिरवंगार गोड सरबत मिळतं, तारखुना म्हणतात.

जुडी उरतेच, आणि वाळवली तर निम्मी मजा जाते, म्हणून व्हिनेगर करा. पानं धुऊन फडक्यावर अगदी कोरडी करा, हे नीट करा हं. कपभर पानं हातानं जरा चुरगाळून काचेच्या बरणीत घाला, वर दोन कप पांढरं व्हिनेगर, 5 टक्के आम्लाचं, पानं पूर्ण बुडली पाहिजेत. झाकण प्लास्टिकचं, लोखंडी गंजतं. अंधाऱ्या कपाटात दोन-तीन आठवडे ठेवा, मग गाळून घ्या. तेलात मात्र ताजी पानं घालून बाहेर ठेवू नका, त्यात बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात.

काकडीच्या कोशिंबिरीत एकदा दह्याऐवजी हे व्हिनेगर चमचाभर घाला, चिमूट साखर, मीठ, आणि त्या दिवशी दाण्याचं कूट राहू दे, त्यात हा वास पार दबून जातो.