लाज वाटते, तरी जिम लावायची आहे? निवड अशी करा

माझी पहिली जिम नवव्या दिवशी सुटली. वर्षाची फी मी एकदम भरली होती. वजनकाटा काउंटरशेजारी, दारासमोरच ठेवलेला. ट्रेनरने मला त्यावर उभं केलं आणि रजिस्टर लिहिणाऱ्या मुलाला ऐकू जावं म्हणून आकडा मोठ्याने सांगितला, "ब्याऐंशी!" बाकावर बुटांच्या नाड्या बांधत बसलेल्या दोघांनी मान वर केली. ते काही बोलले नाहीत, हसलेही नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून जिना चढताना मला तो आकडाच ऐकू यायचा.

दोन वर्षांनी लातुरातच दुसरी जिम शोधली. या वेळी मशिनी किती, एसी आहे का, हे शेवटी विचारलं. आधी पाहिलं ते एवढंच, की नव्या माणसाशी इथे कसं वागतात. ते कसं पाहायचं, ते क्रमाने सांगते.

आधी घरी ठरवा, लाज नेमकी कशाची

कुणाला शरीराची लाज वाटते, कुणाला मशीन लावता येत नाही याची. आपल्या गावांत तिसरी एक असते, ओळखीचं कुणी भेटण्याची. परभणी असो की बीड, जिममध्ये मुलाचे क्लासचे सर किंवा नणंदेचा दीर भेटणारच. कारण कळलं की शोध सोपा होतो. ओळखीचे नको असतील तर वेळ बदला, नाहीतर दुसऱ्या भागातली जिम बघा. मशीनची भीती असेल तर सगळा भर ट्रेनरवर द्या. पुरुषांसमोर अवघडायला होत असेल तर महिलांची बॅच शोधा.

ही लाज वेडगळ नाही, हे मनापासून सांगते. रामलिंग मुदगडच्या पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांचा हा जिल्हा. इथे तालीम पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण ती पोरांची. आमच्या आया-आज्यांना घाम गाळायला शेत होतं, व्यायामाची म्हणून जागा कधी नव्हती. अवघडलेपण तिथून आलेलं आहे.

मग अंतर

घरापासून 10-15 मिनिटांच्या आतली जिमच यादीत ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या वर गेला की स्कूटीवर अर्धा तास जाणं कुणाच्याच्याने होत नाही.

तुम्ही जाणार त्याच वेळी बघायला जा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. दुपारी 3 वाजता जिम रिकामी असते, मालकाला बोलायला सवड असते, सगळं छान वाटतं. तुम्ही संध्याकाळी 7ला येणार असाल तर 7लाच जा. सकाळी 6 ते 8 आणि संध्याकाळी साधारण साडेसहा ते 9 गर्दी असते. महिलांची बॅच बऱ्याच ठिकाणी दुपारी असते. ती खरोखर फक्त महिलांची आहे का, हे त्या वेळी जाऊनच कळतं. कागदावर बॅच महिलांची आणि कोपऱ्यात मालकाचे दोन मित्र बेंच प्रेस मारताहेत, असं मी पाहिलंय.

"वीस मिनिटं बसून बघू का?" असं सरळ विचारा. नाही म्हणाले तर उठा.

बसलात की सगळ्यात नवखं माणूस शोधा आणि त्याच्याकडेच बघत राहा. मी बसले होते तेव्हा साठीच्या आसपासच्या एक मावशी आल्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. छातीपर्यंत दांडी ओढायच्या मशीनवर आधीच्या मुलाने 40 किलोला पिन लावून ठेवली होती. ट्रेनर मुलगी उठली, खाली वाकली, पिन काढून पहिल्या प्लेटला लावली, 5 किलो. "मावशी, आता ओढा. खांदे वर नका घेऊ." मावशींनी ओढलं. दहा वेळा ओढून होईपर्यंत मुलगी शेजारी उभी राहिली, मग मावशींची ओढणी सोडवून खुंटीला अडकवली; ती मशीनच्या तारेत अडकू शकते. हे सगळं हळू आवाजात. मी त्याच दिवशी तिथे नाव घातलं.

उलट ट्रेनर मोबाईलमध्ये असेल, किंवा पैसे जास्त देणाऱ्या दोघांनाच शिकवत असेल, तर भिंतीवरचे आरसे तुमच्या काही कामाचे नाहीत.

चार प्रश्न विचारा

"वजन कुठे करता, आणि कोण लिहून घेतं?" आतल्या खोलीत असेल तर उत्तम. नसेल तर "मी घरी करते" म्हणा. त्यावर वाद घालणारी जिम घेऊ नका.

"इथे व्हिडिओ काढू देता का?" रीलच्या मागे आपण दिसायला नको, ही मागणी रास्त आहे.

"पहिल्या आठवड्यात मला कोण शिकवणार?" नाव घेऊन उत्तर यायला हवं. मोठी लोखंडी दांडी रिकामीच 20 किलोची असते. नवख्याच्या हातात पहिल्याच दिवशी ती देणारा ट्रेनर घाईत आहे.

"प्रोटीनची पावडर घ्यावीच लागेल का?" पहिल्याच भेटीत डबा पुढे करणाऱ्यापासून लांब राहा. डाळ, अंडी, दही, चणे, शेंगदाणे यांवर सुरुवात उत्तम होते.

बीपी, शुगर, हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ट्रेनरलाही सांगा.

बाथरूम बघितल्याशिवाय निघू नका

कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का, नळाला पाणी आहे का. 2016मध्ये लातूरने रेल्वेने आलेलं पाणी प्यायलंय, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याचं काय, हे विचारायला संकोच नको. लाईट गेली तर पंखे चालतात का, तेही विचारा. चालू ट्रेडमिलवर तोल गेला तर कपड्याला लावलेली सुरक्षेची क्लिप ओढली जाते आणि ट्रेडमिल थांबते. म्हणून ती क्लिप लावायची सवय पहिल्या दिवसापासून ठेवा.

पैसे एका महिन्याचेच भरा

"वर्षाचं घेतलं तर निम्म्यात पडतं" हे हमखास ऐकाल. महिन्याचं महाग पडलं तरी तेच घ्या. माझे वर्षाचे पैसे परत मिळाले नाहीत; पावतीवर बारीक अक्षरात लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं. आजारपणात किंवा लग्नसराईत सुट्टी पुढे धरतात का, हे पावतीवरच लिहून घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915 आहे.

पहिले दिवस

गर्दी ओसरल्यावर जा. सैल कुर्ता, ट्रॅक पँट, साधे बूट पुरतात. ट्रेनरला एकच वाक्य सांगा, "मी अगदी नवीन आहे, मला मशीन लावता येत नाही." तीन-चारच मशिनी शिका आणि अर्ध्या-पाऊण तासात निघा. पुढचे दोन-तीन दिवस अंग दुखेल, ते होतंच. पण लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

महिना संपला की किती दिवस गेलात ते मोजा. 12च्या वर असतील तर तीन महिन्यांचे पैसे भरा. कमी असतील तर आधी वेळ बदलून बघा. तरी जिना चढताना पोटात गोळा येत असेल तर जिम बदला.